केडगावचा छापखाना आणि आजचा लेखक-प्रकाशक

दौंड तालुक्यातल्या केडगावात १९२४ साली एक संपूर्ण मराठी बायबल छापून पूर्ण झालं. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून ते मराठीत आणलं होतं पंडिता रमाबाईंनी, आणि छापलं होतं त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात. खिळे जुळवणं, छापील तावांच्या घड्या घालणं, बांधणी करणं ही कामं तिथल्या मुली आणि बायका करत. दुष्काळातून, वैधव्यातून, घरच्या छळातून सुटून त्या केडगावला आल्या होत्या. पुण्याच्या पेठांतले नामवंत प्रकाशक रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असताना एक लेखिका माळरानावर स्वतःचं पुस्तक स्वतः काढत होती.

आज शिरूर आणि दौंड तालुक्यांत स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, कीर्तनकार, कवयित्री, गावाचा इतिहास गोळा करणारे, साखर कारखान्यात आयुष्य गेलेले, रांजणगावच्या एमआयडीसीत पाळी करून रात्री लिहिणारे तरुण. त्यांच्यातल्या बहुतेकांना पुण्यातला प्रस्थापित प्रकाशक मिळत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘पैसे भरा, पुस्तक काढून देतो.’ प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो येतो. त्यानंतर प्रतींचे गठ्ठे घरातल्या पलंगाखाली जातात.

हे थांबवता येतं. छापून घेणं ही पैशाची गोष्ट आहे, प्रकाशन ही कामाची. स्वतः पुस्तक काढायचं तर संपादकाचं, हिशेबनिसाचं, वितरकाचं अशी प्रकाशकाची सगळी कामं आपण अंगावर घेतली हे आधी मान्य करावं लागतं. रमाबाईंनी ती घेतली होती, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

पुस्तकाच्या बळावर उभं राहिलेलं आयुष्य

रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. पती बिपिनबिहारी मेधावी त्याच वर्षी गेले होते, पदरात लहानगी मनोरमा होती. त्या वर्षी त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक निघालं. त्याच्या विक्रीचा पैसा १८८३ च्या इंग्लंड प्रवासाला उपयोगी पडला. पहिल्याच पुस्तकाने लेखिकेच्या पुढच्या वाटेचा खर्च उचलला.

पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक तिथेच छापून घेतलं. त्याला प्रस्तावना होती रेचल बॉडली यांची. आनंदीबाई ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या त्याच्या त्या अधिष्ठाता. पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं हे रमाबाईंना पक्कं ठाऊक होतं: हिंदुस्थानातल्या विधवांच्या शिक्षणासाठी मदत करू शकतील अशा अमेरिकन स्त्रिया. त्या गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या आणि पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदतीची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठीचं शारदा सदन सुरू झालं. अमेरिकेच्या प्रवासावरचं त्यांचं मराठी पुस्तकही त्याच वर्षी निर्णयसागर छापखान्यातून निघालं.

या क्रमात एक गोष्ट ठळक दिसते. पुस्तक लिहून झाल्यावर वाचक शोधायला त्या निघाल्या नाहीत. वाचक डोळ्यांसमोर होता, म्हणून पुस्तकाची भाषा, लांबी, प्रस्तावनाकार आणि विक्रीची रीत ठरली.

केडगावचं कामही तसंच. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या साध्या बाईला ती कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांची वाचक त्यांच्या आवारातच होती. नव्याने अक्षरओळख झालेली बाई वाचू शकेल अशी मराठी त्यांना हवी होती. त्या कामाला त्यांनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं दिली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावं, अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि ती पुरी झाली, अशी हकिगत मुक्ती मिशनच्या परंपरेत सांगतात. धर्म कुणाचा कोणता याचा इथे संबंध नाही. मुद्रितशोधन हे लेखकाचं शेवटचं कर्तव्य मानणारी एक मराठी लेखिका या तालुक्यात होऊन गेली, एवढं प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवावं.

आधी वाचक मोजा, मग प्रती

‘किती प्रती काढू?’ हा प्रश्न छपाईवाल्याला विचारला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. प्रतींची संख्या वाढली की दर प्रतीचा भाव उतरतो, त्यामुळे पाचशेऐवजी हजार काढाव्यात असं वाटू लागतं. पण विकल्या न गेलेल्या प्रतीचा भाव कितीही कमी असला तरी ती तोट्याचीच.

त्याऐवजी वही घ्या आणि नावं लिहा. हे पुस्तक पैसे देऊन घेणारी माणसं कोण? शिरूरच्या घोडनदी परिसराचा इतिहास लिहिला असेल तर शिरूरकर, तालुक्यातल्या शाळा, ग्रामपंचायती, मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली गावची मंडळी, इतिहासाचे अभ्यासक. इनामगाववर लिहिलं असेल तर पुरातत्त्वाचे विद्यार्थीही वाचक आहेत, कारण डेक्कन कॉलेजने तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ती वसाहत देशभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. दौंड जंक्शनवरच्या रेल्वे वसाहतीच्या आठवणी असतील तर सोलापूर, मनमाड, भुसावळपर्यंतची रेल्वे कुटुंबं तुमची वाचक आहेत. कवितासंग्रहाची यादी लहान निघेल. निघू द्या, दोनशे प्रती काढा.

मराठीत याची परंपरा जुनी आहे. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुस्तकरूपाने येण्याआधीच त्यातले भाग ओतूर, हडपसर अशा गावी लोकांसमोर वाचून दाखवले. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी ते आधी ऐकलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, भागभांडवल उभारलं, ग्राहक नोंदवले आणि तेवीस खंडांचं काम तडीस नेलं. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ग्रंथालीने सभासद वाचकांच्या बळावर पुस्तकं काढली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० मध्ये तिथूनच आलं.

छोट्या लेखकालाही हे जमतं. पुस्तकाची दोन प्रकरणं गावच्या वाचनालयात, शाळेत, भजनी मंडळात, महिला बचत गटात वाचून दाखवा. कुठे माणसं पुढे सरसावतात, कुठे मोबाइल काढतात, हे पाहा. मग प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घ्या, पावती द्या, तारीख सांगा आणि ती पाळा. शंभर माणसांनी आगाऊ पैसे दिले तर छपाईचा मोठा भाग तिथेच निघतो. शंभर माणसं मिळत नसतील तर छपाईआधीच शहाणं झालात.

संहितेवरचा खर्च पहिला

तालुक्याच्या पातळीवर निघणाऱ्या पुस्तकांत मुखपृष्ठ रंगीत असतं, कागद चांगला असतो, आणि आत दर पानावर चुका असतात. पैसा उलट्या क्रमाने खर्च झालेला असतो. पहिला रुपया संपादकाला द्यावा, दुसरा मुद्रितशोधकाला, तिसरा मांडणी करणाऱ्याला, आणि उरलेला छपाईला.

संपादक म्हणजे नात्यातला मराठीचा शिक्षक नव्हे. तो प्रेमाने ‘छान आहे’ म्हणेल. पुस्तकात कुठलं प्रकरण काढावं, कुठे पुनरुक्ती आहे, कुठल्या सनाचा घोळ आहे, आत्मचरित्रात कुणाची बदनामी होते आहे, हे परखडपणे सांगणारा परका माणूस हवा. शक्य झालं तर दोन वाचक ठेवा: एक विषय जाणणारा, दुसरा विषयाचा गंध नसलेला.

मुद्रितशोधन वेगळं काम आहे आणि ते लेखकाने एकट्याने करू नये, कारण डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे शुद्धलेखनाचे १८ नियम हा आधार धरावा. त्याचबरोबर मुद्रितशोधकाला एक यादी करून द्यावी: पात्रांची आणि गावांची नावं कशी लिहायची, आडनावं कशी, आणि संवादातली कुठली बोली तशीच ठेवायची. दौंडच्या गुऱ्हाळावरचा गडी पुस्तकी मराठीत बोलू लागला तर ते शुद्धीकरण नव्हे, पुस्तकाचं नुकसान आहे.

फॉन्टचा प्रश्न इथेच सोडवून घ्या. अजूनही कितीतरी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवला जातो. तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ बिघडतात. रूपांतरानंतर ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वर्ष’, ‘श्री’, ‘त्र्यंबक’ असे शब्द शोधून शोधून तपासावेत. शेवटी हातात दोन फाइल हव्यात: छपाईची पीडीएफ आणि युनिकोडमधली खुली फाइल. दुसरी नसेल तर पुढची आवृत्ती आणि ई-बुक दोन्हींसाठी परत पैसे मोजावे लागतील.

फॉर्मा, कागद आणि किमतीचा हिशेब

छपाईवाल्याशी बोलताना चार शब्द माहीत असले की फसवणूक निम्मी होते. आपल्याकडे बहुतेक साहित्यिक पुस्तकं डेमी आकारात निघतात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. १८ बाय २३ इंचांच्या एका डेमी तावातून १६ पृष्ठं निघतात, त्याला एक फॉर्मा म्हणतात. १६० पृष्ठांचं पुस्तक म्हणजे दहा फॉर्मे. पाचशे प्रतींना पाच हजार ताव, म्हणजे दहा रीम, वर छपाईत वाया जाणारा कागद. पुस्तक १६३ पृष्ठांचं झालं तर तीन पृष्ठांसाठी वेगळी जोड लागते, किंवा कोरी पानं सोडावी लागतात. अशा वेळी संपादकाने तीन पृष्ठं कमी करावीत, पुस्तकही सुधारतं.

आतला कागद ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो किंवा डोळ्यांना सुखावणारा नॅचरल शेड पुरतो. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमपर्यंतचं आर्ट कार्ड घेतात. पुस्तक जाड असेल, संदर्भासाठी वारंवार उघडलं जाणार असेल, तर नुसत्या चिकटवलेल्या बांधणीऐवजी शिवण बांधणी मागा. प्रती दोन-तीनशेंच्या आत असतील तर डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेट. ही सीमारेषा दर ठिकाणी बदलते, म्हणून एकाच मापाचं, एकाच कागदाचं कोटेशन तीन ठिकाणांहून लेखी घ्यावं, आणि छपाईआधी एक पूर्ण नमुना प्रत हातात घेऊन वाचावी.

आता किंमत. हिशेबापुरतं धरू की पाचशे प्रतींचा संपादनापासून छपाईपर्यंतचा सगळा खर्च ५०,००० रुपये आला. दर प्रतीला १०० रुपये. पण पन्नास प्रती भेट, अभिप्राय, स्पर्धा आणि कायद्याने द्यायच्या ग्रंथालयांत जातील. विकायच्या उरल्या ४५०, म्हणजे प्रत पडली १११ रुपयांना. किंमत २०० ठेवली आणि दुकानदाराने ४० टक्के घेतले, तर हातात १२०. त्यातून ने-आण आणि टपाल वजा करा, काही उरत नाही. किंमत ३०० ठेवली तर दुकानातून १८० मिळतात, खर्च जाऊन १६० धरले तर ३१३ प्रतींवर भांडवल वसूल होतं. हेच पुस्तक तुम्ही स्वतः दहा टक्के सवलतीत २७० ला हातोहात विकलं, तर १८६ प्रतींवर. छोट्या लेखकाने थेट विक्रीवर भर का द्यावा, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि १६० पृष्ठांना ३०० रुपये आपल्या वाचकाला जड जाणार असतील, तर खर्चाला कात्री लावावी: रंगीत छायाचित्रं कमी, मखमली मुलामा रद्द, भेट प्रती निम्म्या.

‘पैसे भरा, पुस्तक काढून देतो’

पैसे घेऊन पुस्तक काढून देणं हा गुन्हा नाही. चांगलं काम करणारी माणसंही या धंद्यात आहेत. पण ती सेवा आहे, आणि सेवेचा लेखी करार असतो. सही करण्याआधी या प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या.

नेमक्या किती प्रती छापणार, आणि छपाईचं बिल दाखवणार का? त्यातल्या किती माझ्या? उरलेल्या कुणाच्या, आणि त्या विकल्यावर मला काय? लेखनाचा हक्क माझ्याच नावावर राहणार ना? प्रकाशनाची परवानगी किती वर्षांची? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर? मांडणीच्या आणि मुखपृष्ठाच्या मूळ फाइल मला मिळणार का? विक्रीचा हिशेब वर्षातून कधी? करार मोडायचा झाला तर कसा?

‘आम्ही वितरण करतो’ या वाक्यावर विशेष थांबा. कुठल्या दुकानांत, कुठल्या वितरकाकडे, किती प्रती, हे विचारा. एखाद्या संकेतस्थळावर पुस्तकाचं पान तयार करणं म्हणजे वितरण नव्हे. पुरस्काराचं आमिष दाखवून प्रवेश फी मागणाऱ्यांना तर दारातूनच नमस्कार करावा.

ज्यांचं पहिलंच पुस्तक आहे त्यांनी खिशात हात घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहावी. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालसाहित्य अशा प्रकारांतल्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे. हस्तलिखित तपासलं जातं, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ लागतो, नकारही येतो, पण परक्या तज्ज्ञाकडून संहिता वाचून घेण्याची ती संधी आहे.

कागदपत्रं: सोपी, स्वस्त आणि आवश्यक

आयएसबीएनसाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो, आणि लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. कागदी पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. अर्ज छपाईच्या आदल्या दिवशी नव्हे, संहिता पक्की झाली की लगेच करावा.

लेखनावरचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो. १९५७ च्या कायद्यानुसार तो हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, करायची असेल तर साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. दुसऱ्याची कविता, छायाचित्र, नकाशा, वर्तमानपत्रातलं कात्रण घेतलं असेल तर लेखी परवानगी हवी. स्मरणिकेत चाललं म्हणून पुस्तकात चालतं असं नाही.

एक कर्तव्य मात्र बहुतेक लेखक-प्रकाशकांना माहीतच नसतं. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत पाठवावी लागते. याकडे ओझं म्हणून पाहू नका. तुमच्या घरातली शेवटची प्रत वाळवीने खाल्ली तरी शंभर वर्षांनी कुणाला शिरूरच्या एका कवयित्रीचं पुस्तक पाहायचं असेल, तर ते याच चार प्रतींमुळे सापडेल.

आतल्या पानावर प्रथमावृत्तीची तारीख, प्रकाशकाचं आणि मुद्रकाचं नाव, पत्ता, हक्क, किंमत हे सगळं नीट छापा. राज्य वाङ्मय पुरस्कार असोत की शासनाची ग्रंथयादी, दोन्हींकडे पुस्तक कुठल्या वर्षात प्रथम प्रकाशित झालं हे पाहतात.

विक्री: गावची जत्रा ते टपाल खिडकी

पुण्यातला अप्पा बळवंत चौक हा पुस्तकांचा मोठा बाजार खरा, पण तिथे नवख्या लेखकाच्या पाच प्रती ठेवून घेतल्या जातात आणि वर्षाने त्यातल्या चार परत येतात. शिरूर-दौंडच्या लेखकाचा खरा बाजार त्याच्या आसपास आहे.

या दोन तालुक्यांत आणि त्यांच्या हद्दीला लागून माणसं जमतात अशी ठिकाणं थोडी नाहीत. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते. रांजणगावच्या महागणपतीला बाराही महिने गर्दी असते. वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या पुण्यतिथीला लोक येतात. १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणे फाट्यावर विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबतात. आंबेडकरी चळवळीतल्या छोट्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी महाराष्ट्राला एक मोठा धडा दिला आहे. चैत्यभूमी, दीक्षाभूमी, पेरणे अशा ठिकाणी ते पन्नास-शंभर रुपयांची पुस्तकं आणि पुस्तिका मांडून बसतात, लेखक स्वतः गिऱ्हाइकाशी बोलतो, आणि कष्टकरी माणूस पैसे मोजून पुस्तक घेऊन घरी जातो. मराठी वाचक संपला अशी हाकाटी करणाऱ्यांनी तिथे एक दिवस उभं राहावं.

दुसरा मार्ग ग्रंथालयांचा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत, अ, ब, क, ड वर्गांतली. ग्रंथालय संचालनालयाच्या निवडयादीसाठी दर कॅलेंडर वर्षातली नवी पुस्तकं मागवली जातात. आवाहन आलं की मुदतीत प्रत पाठवावी. पण यादीची वाट पाहत बसू नये. आपल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या ग्रंथपालांना स्वतः भेटावं, पुस्तक दाखवावं, तिथे एक वाचन करावं.

तिसरा मार्ग टपाल. १६० पृष्ठांचं, ७० जीएसएम कागदाचं डेमी पुस्तक मुखपृष्ठासकट भरतं सुमारे १९० ग्रॅम. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असा दर ठेवला, कर वेगळा. अभ्यासक्रमाची, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं तीत जातात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि जाहिराती चालत नाहीत. आपलं पुस्तक बसतं का, हे एकदा टपाल कार्यालयात दाखवून घ्या. मागणी व्हॉट्सॲपवर घ्या, पैसे यूपीआयने, पुस्तक टपालाने. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात बसून नांदेडच्या वाचकाला पुस्तक पाठवायला आता मध्यस्थ लागत नाही.

ई-बुकही काढावं. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, आणि लेखक स्वतः पुस्तक चढवू शकतो. परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत कागदी प्रत पाठवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. मात्र तालुक्यावरच्या लेखकाची बरीच विक्री अजून कागदावर आणि समोरासमोरच होते, म्हणून क्रम तसाच ठेवावा.

एकट्याने का, मिळून का नाही?

दौंडला लागूनच पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ मध्ये आला आणि १९७७ चं राष्ट्रकुल काव्य पारितोषिक त्याने मिळवलं. तो कुठल्या बड्या कंपनीने काढला नव्हता. कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची आपली संस्था काढली, एकमेकांच्या संहिता पाहिल्या आणि चौघांचे संग्रह त्याच वर्षी आणले. जाहिरातक्षेत्रात मुरलेले कोलटकर पुस्तकांची रूपंही घडवत. चार माणसांची चार कौशल्यं एकत्र आली आणि चौघांची पुस्तकं उत्तम निघाली.

शिरूर-दौंडमध्ये हे करणं अवघड नाही. सहकार इथल्या मातीत मुरलेला आहे. ऊस, दूध, पतपेढी मिळून चालवणाऱ्या तालुक्यांत लेखकांनीच एकटं का पडावं? सात-आठ लेखकांनी एकत्र यावं. एक चांगला मुद्रितशोधक सर्वांसाठी ठरवावा. कागद एकदम घ्यावा, छपाईवाल्याशी एकदम बोलावं. पालखीत, जत्रेत, साहित्य संमेलनात, पुण्याच्या पुस्तक महोत्सवात एकच गाळा घ्यावा आणि पाळीपाळीने बसावं. सर्वांत मोठा फायदा पुढेच आहे: सहकाऱ्यांनी ‘हे अजून तयार नाही’ म्हटलं तर पुस्तक सहा महिने थांबवायचं, असा नियम करावा. चांगला प्रकाशक पैशापेक्षा हीच गोष्ट देतो, आणि पैसे भरून घेणारा ती कधीच देत नाही.

शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करता करता शिकायचं, हे तिथलं सूत्र. लेखकानेही पुस्तकाचं सगळं काम एकदा स्वतः पाहून घ्यावं. छापखान्यात जाऊन ताव निघताना पाहावा, बांधणीवाल्याकडे उभं राहावं, दुकानदाराशी हिशेब करावा. पुढच्या वेळी कुणावर काम सोपवलं तरी ते बरोबर होतं आहे की नाही हे त्याला कळेल.

प्रस्थापित प्रकाशक अजूनही हवेत. त्यांच्याकडे संहिता जरूर पाठवा. पण त्यांच्या नकाराने पुस्तक मरत नाही, तसंच स्वतः छापल्याने पुस्तक कमअस्सलही ठरत नाही. ते ठरतं आतल्या मजकुरावर आणि त्यामागच्या कष्टांवर.

म्हणून शिरूर-दौंडच्या, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या, लिहित्या माणसांना एक विनंती आहे. संहिता परक्या दोघांनी वाचलेली नाही, मुद्रितं दुसऱ्याने तपासलेली नाहीत, आणि शंभर वाचकांची नावं वहीत लिहिलेली नाहीत, तोवर छपाईला एक रुपयाही देऊ नका. ही तीन कामं झाली की बेधडक छापा, किंमत योग्य लावा, आणि पहिल्या तीस दिवसांत त्या चार ग्रंथालयांना प्रती पाठवून द्या. तुमच्या गावाबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, ते दुसरं कुणी लिहिणार नाही.